व्हर्सायच्या रविवारपासून राव्हेलच्या रिगोदाँपर्यंत

चेंबर संगीताच्या (मोजक्या वादकांनी वाजवायच्या संगीताच्या) कार्यक्रमपत्रिकेत मेन्युए, गाव्होत, सराबांद, फोर्लान ही नावं वारंवार भेटतात. मुळात ही नाचांची नावं. ‘बुरे’ हा नाच फ्रान्सच्या ओव्हेर्न्य भागातला, ‘रिगोदाँ’ प्रोव्हाँसकडचा. सराबांद फ्रान्समध्ये रुळली ती स्पेनमधून येऊन. स्पेनमध्ये १५८३ साली अश्लील ठरवून तिच्यावर बंदी आली होती. फ्रेंच दरबारात मात्र ती संथ आणि भारदस्त झाली, तीन मात्रांपैकी दुसरीवर वजन देत चालणारी.

या नाचांना प्रतिष्ठा मिळाली ती फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्यामुळे. तो स्वतः उत्तम नाचायचा. १६५३ मध्ये, चौदाव्या वर्षी, त्याने बॅलेत सूर्यदेव अपोलोची भूमिका केली आणि १६६१ मध्ये नृत्याची राजअकादमी स्थापन केली. १६७० च्या सुमारास त्याने रंगमंचावर नाचणं सोडलं.

माझ्या मते या इतिहासातला सर्वांत हृद्य भाग यानंतरचा आहे. १७१४-१५ मध्ये राजा पंचाहत्तरी ओलांडत होता. व्हर्सायच्या राजवाड्यात जवळजवळ दर रविवारी संगीतकार फ्राँस्वा कूपराँ आणि काही निवडक वादक त्याच्यासमोर वाजवत. आलमांद, कुरांत, सराबांद, गाव्होत अशा रचना ओळीने येत, पण त्या केवळ ऐकण्यासाठी होत्या. १७२२ मध्ये कूपराँने त्या ‘कॉन्सेर रॉयो’ (राजेशाही मैफली) नावाने छापल्या. त्या हार्पसिकॉर्डवर वाजवाव्यात, किंवा व्हायोलिन, फ्लूट, ओबो, व्हिओल, बसून यांवरही चालतील, अशी मोकळीक त्याने दिली.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर हे दरबारी नाच मागे पडले. १८७०-७१ मध्ये प्रशियाकडून फ्रान्सचा पराभव झाला, तेव्हा आपलं असं काही जपण्याची ओढ तिथल्या संगीतकारांना लागली. सँ-साँसच्या १८८० च्या सेप्टेटमध्ये (सात वाद्यांच्या रचनेत) ट्रम्पेट, पियानो आणि तंतुवाद्यं मिळून मेन्युए आणि गाव्होत वाजवतात. व्हँसाँ दँदीच्या १८८६ च्या ‘जुन्या शैलीतल्या सूट’मध्ये (सूट म्हणजे नाचांची मालिका) सराबांद आहे.

मग आला फ्रेंच संगीतकार राव्हेल. १९१४ मध्ये त्याने कूपराँच्या चौथ्या ‘कॉन्सेर’मधली फोर्लान पियानोसाठी उतरवून घेतली आणि तिचा ताल डोक्यात ठेवून स्वतःची फोर्लान लिहायला घेतली. महायुद्ध सुरू झालं. राव्हेल आघाडीवर ट्रक चालवायला गेला, आजारी पडला. १९१७ च्या जानेवारीत आईही गेली. त्याच वर्षी ‘कूपराँची समाधी’ पूर्ण झाली: पियानोसाठी सहा भाग, प्रत्येक भाग युद्धात गेलेल्या मित्रांना अर्पण. रिगोदाँ अर्पण केला आहे एकाच वेळी मारल्या गेलेल्या दोन भावांना, आणि तरीही तो खणखणीत, उसळता आहे. शोकासाठी नाच निवडणं मला यातलं सर्वांत धाडसी वाटतं. आज ही रचना पाच सुषिर वाद्यांच्या रूपांतरातही आवडीने वाजवली जाते.

फ्रेंच संगीतकार पूलांक आणखी मागे गेला. १९३५ मध्ये एका नाटकासाठी त्याने सोळाव्या शतकातल्या क्लोद जेर्व्हेझच्या नाचांवरून सुषिर वाद्यं, तालवाद्यं आणि हार्पसिकॉर्ड यांचा ‘फ्रेंच सूट’ बांधला.