समतोल स्थिरांकाला एकक असते का? एका जुन्या गोंधळाची पार्श्वभूमी

अभिक्रिया समतोलाला थांबली की तयार झालेल्या पदार्थांच्या प्रमाणांच्या गुणाकाराला उरलेल्या मूळ पदार्थांच्या प्रमाणांच्या गुणाकाराने भागून (समीकरणात जितके रेणू तितके घात घेऊन) जो आकडा मिळतो, तो समतोल स्थिरांक. तो काढून झाला की त्यापुढे एकक लिहायचे की नाही, याचे उत्तर आजही पुस्तकागणिक बदलते. याचे एक कारण असे की, ज्या अभिक्रियेवर हा विषय पहिल्यांदा नीट मोजला गेला, तिच्यात हा प्रश्न उद्भवतच नव्हता.

१८६०च्या दशकात फ्रान्समध्ये ॲसेटिक आम्ल आणि अल्कोहोल समान मोल (म्हणजे रेणूंची सारखीच संख्या) घेऊन एस्टर, म्हणजे या दोघांच्या संयोगाने होणारे संयुग, आणि पाणी केले गेले. अभिक्रिया सुमारे दोन-तृतीयांशावर थांबे, म्हणजे स्थिरांक ४. दोन्ही बाजूंना रेणूंची संख्या सारखी, त्यामुळे एकके आपोआप छाटली गेली. १८६४ साली नॉर्वेत मांडलेल्या वस्तुमान क्रियेच्या नियमालाही (अभिक्रियेचा जोर पदार्थांच्या प्रमाणावर अवलंबून असतो, हा नियम) याच मोजमापांचा आधार होता.

अमोनियाने हे सुख संपवले. नायट्रोजन-हायड्रोजनचे चार रेणू जातात, अमोनियाचे दोन येतात. ४०० अंश सेल्सिअसला दाब ॲटमॉस्फिअरमध्ये घेतला तर स्थिरांक सुमारे ०.०००१६. तोच दाब पास्कलमध्ये घेतला तर तो १.६ गुणिले दहाचा उणे चौदावा घात. भांडे तेच, वायू तेच. शिवाय विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जर्मन तक्त्यांत समीकरण निम्मे करून लिहीत. त्यामुळे वर्गमूळ येऊन आकडा ०.०१३ होई. समीकरण न पाहता जुन्या तक्त्यातला आकडा उचलणाऱ्याचे गणित हमखास चुकते.

मुक्त ऊर्जेवरून (अभिक्रिया आपणहून कोणत्या दिशेने जाईल हे ठरवणाऱ्या ऊर्जेवरून) स्थिरांक काढू लागल्यावर अडचण उघडी पडली, कारण त्या सूत्रात स्थिरांकाचा लॉगॅरिदम येतो आणि लॉगॅरिदम निव्वळ संख्येचाच घेता येतो. तेव्हा प्रत्येक दाबाला प्रमाण दाबाने, म्हणजे तुलनेसाठी ठरवून घेतलेल्या दाबाने, भागायचे, हाच सरळ मार्ग. मग स्थिरांकाला एकक उरत नाही, पण प्रमाण दाब कोणता हे सांगणे बंधनकारक होते. हे सांगायचे राहते, तिथेच विद्यार्थी अडकतात.

तो प्रमाण दाबही १९८२ साली बदलला. आंतरराष्ट्रीय शिफारशीने ॲटमॉस्फिअर सोडून १ बार, म्हणजे १ लाख पास्कल, धरला गेला. फरक १.३ टक्क्यांचा, म्हणून अनेकांनी तो किरकोळ मानला. पण प्रत्येक वायूची प्रमाण एन्ट्रॉपी (प्रमाण दाबाला मोजलेले अव्यवस्थेचे माप) मोलमागे ०.१०९ ज्यूल प्रति केल्विनने वाढली आणि अमोनियाचा स्थिरांक सुमारे २.६ टक्क्यांनी उतरला. जुन्या-नव्या तक्त्यांची सरमिसळ केली की ही चूक उत्तरात गुपचूप शिरते. सामान्य उत्कलनबिंदू मात्र १ ॲटमॉस्फिअरलाच राहिला.