मॉरेस्मोच्या दडपणाची पार्श्वभूमी

फ्रेंच टेनिसपटू अमेली मॉरेस्मोचे नाव निघाले की जुना टेनिसप्रेमी दोन गोष्टी हमखास सांगतो. तिचा एकहाती बॅकहँड डोळ्यांचे पारणे फेडणारा होता, आणि मोक्याच्या क्षणी ती कच खायची. पहिल्या गोष्टीबद्दल वाद नाही. दुसरी मात्र तिच्यावर अन्याय करणारी आहे, असे मला ठामपणे वाटते. कच खाणारी खेळाडू जागतिक क्रमवारीत ३९ आठवडे पहिल्या स्थानी राहत नाही, की विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात पहिला सेट गमावून तो सामना फिरवत नाही. तिच्यावर दडपण होते हे खरे आहे. पण ते कुठून आले हे समजून घ्यायचे तर तिच्या जन्माच्याही मागे जावे लागते.

फ्रेंच महिला टेनिसची सुरुवातच अशा खेळाडूपासून होते जिची बरोबरी करणे कोणालाच शक्य नव्हते. सुझान लाँग्लेनने १९१९ ते १९२५ या काळात विम्बल्डनची महिला एकेरी सहा वेळा जिंकली. १९२६ मध्ये ती व्यावसायिक झाली आणि अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली. पैसे घेऊन खेळणे तेव्हा प्रतिष्ठितांना रुचत नसे. १९३८ मध्ये, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी ती वारली. आज फ्रेंच ओपन जिथे होते त्या पॅरिसच्या रोलाँ गारो संकुलातले दुसरे मोठे कोर्ट तिच्या नावाचे आहे आणि फ्रेंच ओपनच्या महिला विजेतीला मिळणारा करंडकही. तिच्यानंतर फ्रेंच विजेत्या झाल्या, पण तुरळक. १९६७ मध्ये फ्राँस्वाज द्यूरने पॅरिसमध्ये विजेतेपद मिळवले, त्यानंतर मेरी पिअर्स २००० मध्ये जिंकेपर्यंत ३३ वर्षे गेली. विम्बल्डनला तर १९२५ नंतर कोणीच नाही. नाताली तोझिया १९९८ मध्ये अंतिम फेरीपर्यंत पोचली आणि याना नोव्होत्नाकडून हरली.

मॉरेस्मोचा जन्म ५ जुलै १९७९ चा, पॅरिसजवळच्या सँ-जेरमँ-आँ-ले गावातला. १९८३ च्या जूनमध्ये यानिक नोआने मॅट्स विलँडरला हरवून फ्रेंच ओपन जिंकली. तो सामना दूरदर्शनवर पाहून ती टेनिसच्या नादी लागली आणि आईवडिलांनी तिला रॅकेट आणून दिली. त्या वेळी ती चार वर्षांचीही नव्हती. नोआनंतर आजतागायत एकाही फ्रेंच पुरुषाला ती स्पर्धा जिंकता आलेली नाही, म्हणून तो दिवस फ्रान्समध्ये अजून काल घडल्यासारखा सांगितला जातो. १९९६ मध्ये मॉरेस्मोने फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन या दोन्ही ठिकाणी मुलींच्या गटाचे विजेतेपद मिळवले, तेव्हापासूनच तिच्याकडून त्या दिवसाच्या पुनरावृत्तीची अपेक्षा सुरू झाली.

आता १९९९ ची ऑस्ट्रेलियन ओपन. मॉरेस्मोच्या कारकिर्दीत मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी स्पर्धा हीच, जिंकलेल्या दोन्ही ग्रँड स्लॅमपेक्षाही (टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांना ग्रँड स्लॅम म्हणतात). १९ वर्षांची ही मुलगी मानांकन नसताना उपांत्य फेरीत आली आणि तिथे तिने अव्वल मानांकित लिंडसे डेव्हनपोर्टला ४-६, ७-५, ७-५ असे हरवले. त्याच दिवसांत तिने आपण समलिंगी असल्याचे आणि आपली जोडीदार आपल्यासोबत मेलबर्नमध्ये असल्याचे कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले. तिने कबुलीजबाब दिला नव्हता, आरोपाला उत्तरही दिले नव्हते. आपल्या आयुष्यातली आनंदाची गोष्ट बोलून दाखवली होती. बिली जीन किंग आणि मार्टिना नवरातिलोव्हा यांच्याबद्दल जगाला १९८१ मध्ये कळले होते, पण तेव्हा त्या दोघी आधीच विक्रमवीर होत्या आणि ती माहिती त्यांच्या मर्जीने बाहेर आली नव्हती. कारकिर्दीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या खेळाडूने स्वतःहून असे बोलणे ही टेनिसमध्ये जवळजवळ न घडलेली गोष्ट होती.

त्यानंतर जे झाले ते वाचताना आजही राग येतो. सामन्यानंतर डेव्हनपोर्टने, पुरुषाशी खेळल्यासारखे वाटले, अशा अर्थाचे उद्गार काढले. मार्टिना हिंगिस त्याहून पुढे गेली आणि तिने मॉरेस्मोला ‘अर्धा पुरुष’ म्हटले. डेव्हनपोर्टने नंतर माफी मागितली. अंतिम सामना हिंगिसने ६-२, ६-३ असा जिंकला. मायदेशी परतल्यावर मॉरेस्मोचे कौतुक झाले, पण तिच्या रुंद खांद्यांची चेष्टाही झाली. दूरदर्शनवरच्या एका लोकप्रिय बाहुल्यांच्या कार्यक्रमाने तिला अवाढव्य पुरुषी बाहुली करून टाकले. शरीर, प्रेम, चालणे-बोलणे, सगळे चव्हाट्यावर. विशीही न गाठलेल्या मुलीने पुढची दहा वर्षे या सगळ्यासह कोर्टवर उतरायचे होते. तिच्या ‘कच खाण्या’बद्दल लिहिणाऱ्यांनी हे वर्ष ओलांडून पुढे जाऊ नये.

त्यात पॅरिसची भर पडली. तिचा खेळ खरे तर कोणत्याही कोर्टवर चालणारा होता: टॉपस्पिनचे (चेंडूला पुढे फिरकी देणारे) जड फटके, उलट्या फिरकीने खाली राहणारा स्लाइस, चेंडू टप्पा पडण्याआधीच परतवणारी नेटजवळची मऊ व्हॉली. तरीही फ्रेंच ओपनमध्ये तिची मजल २००३ आणि २००४ मध्ये उपांत्यपूर्व फेरीपर्यंतच गेली, त्यापुढे कधीच नाही. फ्रेंच ओपन मातीच्या कोर्टवर होते; पण बर्लिन आणि रोमच्या मातीवर जिंकणारी खेळाडू घरच्या मातीवर अडखळत होती, म्हणजे दोष मातीचा नव्हता. याच पॅरिसमध्ये हिवाळ्यात बंदिस्त सभागृहात होणारी स्पर्धा तिने २००१, २००६ आणि २००९ अशी तीनदा जिंकली. म्हणजे घरच्या प्रेक्षकांसमोर तिला खेळता येत नव्हते, असेही म्हणता येत नाही. तिच्यावर ओझे होते ते मे महिन्याच्या अखेरच्या त्या पंधरवड्याचे, नोआच्या स्पर्धेचे.

संघातून खेळताना तीच मॉरेस्मो वेगळी दिसायची. २००३ मध्ये मॉस्कोत अमेरिकेला हरवून फ्रान्सने फेड कप ही महिलांची देशोदेशींच्या संघांमधली स्पर्धा जिंकली तेव्हा त्या संघाचा कणा तीच होती. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये तिने रौप्यपदक मिळवले. अंतिम सामन्यात बेल्जियमच्या जस्टिन हेनिनने तिला हरवले. पुढच्याच महिन्यात, १३ सप्टेंबर २००४ रोजी, ती जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर गेली. संगणकीय क्रमवारी सुरू झाल्यापासून तिथे पोचलेली ती पहिली फ्रेंच खेळाडू. फ्रेंच पुरुषांपैकी तर आजपर्यंत कोणीही पोचलेला नाही. पण अभिनंदनाबरोबर लगेच हिशेब विचारला गेला, कारण तिच्या नावावर तेव्हा एकही ग्रँड स्लॅम नव्हते. किम क्लायस्टर्सचेही वर्षभरापूर्वी असेच झाले होते. त्यातच विम्बल्डनची उपांत्य फेरी तिला भोवत होती: २००४ मध्ये सेरेना विल्यम्सविरुद्ध आणि २००५ मध्ये डेव्हनपोर्टविरुद्ध, दोन्ही वेळा पहिला सेट जिंकूनही ती हरली.

२००५ च्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये वर्षअखेरची अजिंक्यपद स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात समोर मेरी पिअर्स होती. पहिला सेट गमावून मॉरेस्मोने तो सामना ५-७, ७-६, ६-४ असा जिंकला. तिचे पुढचे वर्ष या सामन्याने घडवले असे मी मानतो, कारण दोनच महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनही तिची झाली. ती मात्र विचित्र रीतीने. उपांत्य फेरीत घोट्याच्या दुखापतीमुळे क्लायस्टर्सने सामना अर्धवट सोडला. अंतिम सामन्यात ६-१, २-० अशी आघाडी असताना पोटदुखीमुळे हेनिनने माघार घेतली. पहिले ग्रँड स्लॅम मिळाले, पण शेवटचा गुण जिंकण्याचा क्षण तिला मिळालाच नाही. ‘नशिबाने जिंकली’ म्हणणाऱ्यांना निमित्त सापडले.

८ जुलै २००६ ला विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर पुन्हा हेनिनच समोर आली आणि या वेळी सामना पूर्ण झाला. हेनिनने पहिला सेट ६-२ असा सहज घेतला. त्यानंतर मॉरेस्मोने आपल्या सर्व्हिसमागोमाग नेटकडे धाव घेण्याचे धोरण सोडले नाही. स्लाइसने हेनिनला खाली वाकवत आणि व्हॉलीने गुण संपवत तिने पुढचे सेट ६-३, ६-४ असे जिंकले. लाँग्लेननंतर ८१ वर्षांनी एका फ्रेंच स्त्रीच्या हातात विम्बल्डनच्या विजेतीला मिळणारी तबकडी आली. आता माझ्या मनोधैर्याबद्दल कोणी बोलू नये, अशा अर्थाचे ती नंतर पत्रकारांना म्हणाली. त्या वाक्यात आनंदाइतकाच वैताग होता, आणि तो रास्तच होता.

पुढे दुखापती आणि आजारपण सुरू झाले. २००७ मध्ये अपेंडिक्सचा त्रास झाला. ३ डिसेंबर २००९ रोजी एकेरीच्या २५ विजेतेपदांसह तिने निवृत्ती जाहीर केली.

तिची दुसरी कारकीर्द पहिलीइतकीच लक्षवेधी आहे. फ्रान्सच्या फेड कप संघाची कर्णधार असताना तिने फ्रान्सच्याच मारियन बार्तोलीला साथ दिली आणि बार्तोलीने २०१३ चे विम्बल्डन एकही सेट न गमावता जिंकले. २०१४ च्या जूनमध्ये ब्रिटनच्या अँडी मरेने तिला प्रशिक्षक नेमले. अव्वल पुरुष खेळाडूने असे करणे तेव्हा इतके अनोळखी होते की मरेच्या प्रत्येक पराभवाचे खापर तिच्यावर फुटू लागले. आधीच्या प्रशिक्षकांच्या वाट्याला असे आले नव्हते, हे मरेने स्वतः उघडपणे मांडले. त्याने मातीच्या कोर्टवरची पहिली दोन विजेतेपदे, २०१५ मध्ये म्युनिक आणि माद्रिदला, तिच्याच काळात मिळवली.

२०२१ च्या डिसेंबरात ती फ्रेंच ओपनची संचालक झाली, या पदावरची पहिली स्त्री. पहिल्याच वर्षी रात्रीच्या १० मुख्य सामन्यांत महिलांचा फक्त एक ठेवला गेला. पुरुषांच्या सामन्यांना सध्या अधिक आकर्षण आहे, असे ती बोलून गेली आणि मग तिला दिलगिरी व्यक्त करावी लागली. तिची बाजू मी समजू शकतो: प्रक्षेपणाचे करार आहेत, आणि महिलांचा सामना दोन सेटमध्ये संपला तर तिकीट काढलेल्याची रात्र तासाभरात आटोपते. तरीही हा निर्णय मला पटलेला नाही. रात्री एकाऐवजी दोन सामने ठेवता येतात. २०२५ मध्ये क्रमवारीत ३६१ व्या स्थानावर असलेली लोइस ब्वासाँ ही फ्रेंच मुलगी वाइल्ड कार्डवर (आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर) येऊन जेसिका पेगुला आणि मिरा आंद्रेएव्हा यांना हरवत उपांत्य फेरीत पोचली. बार्तोलीने २०११ मध्ये तिथवर मजल मारल्यानंतर हे कोणत्याही फ्रेंच स्त्रीला जमले नव्हते. कोको गॉफने तिला रोखले. त्या वर्षी तर रात्रीच्या सत्रात महिलांचा एकही सामना नव्हता.