काचेच्या पेटीतले बाळ आणि दाराबाहेरची आई

‘बाळाला काचेत ठेवले आहे’ हे वाक्य आपल्याकडे बहुतेक कुटुंबांनी कधी ना कधी ऐकलेले असते. अपुऱ्या दिवसांचे, फार कमी वजनाचे किंवा जन्मल्यावर नीट श्वास न घेतलेले मूल नवजात अतिदक्षता विभागात जाते, आई दुसऱ्या मजल्यावरच्या प्रसूती कक्षात राहते आणि वडील, आजी, मावशी औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन या दोन दारांमध्ये येरझारा घालत राहतात. बारसे झालेले नसल्यामुळे बाळाच्या केसपेपरवर ‘बेबी ऑफ’ असे लिहून पुढे आईचे नाव घातलेले असते. बाळाची सगळी ओळख ज्या बाईच्या नावावर उभी आहे, तीच नेमकी दाराबाहेर असते. संसर्ग टाळायचा तर नातेवाइकांना आत येऊ देता कामा नये, या समजुतीवर ही व्यवस्था कित्येक दशके चालली. ती समजूत आता टिकत नाही आणि ती का टिकत नाही हे सामान्य वाचकांपर्यंतही पोहोचायला हवे, असे मला तळमळीने वाटते.

आधी बाळाचा विचार करू. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या त्वचेचा बाहेरचा थर पुरेसा तयार झालेला नसतो, त्यामुळे अंगातले पाणी आणि ऊब झपाट्याने निघून जाते आणि सलाईनची सुई धरून ठेवणारी साधी चिकटपट्टी काढतानाही कातडी सोलली जाऊ शकते. गर्भाशयात त्याचे हातपाय चहूबाजूंनी आवरलेले असतात, अंधार असतो, आवाज मंद होऊन पोहोचतात. इथे मात्र डोळ्यांवर दिवे, कानाशी यंत्रांचे इशारे आणि दर थोड्या वेळाने एक नवा हात. अनुभवी परिचारिका म्हणूनच वजन, तापमान, लंगोट बदलणे ही कामे शक्य तेवढी एकाच वेळी उरकते आणि मग बाळाला सलग झोपू देते. पेटीवर चादर टाकून उजेड अडवते. सुई टोचावी लागणार असेल तर एक तळहात बाळाच्या डोक्यावर आणि दुसरा पायांशी ठेवून त्याचे मुटकुळे धरून ठेवते. पाहणाऱ्याला ही निव्वळ माया वाटेल. प्रत्यक्षात अशा धरण्याने बाळाच्या हृदयाचे ठोके कमी बिथरतात आणि वेदनेची लक्षणे कमी दिसतात, हे मोजून पाहिलेले आहे.

वेदनेच्या प्रश्नावर थोडे थांबायला हवे. नवजात बाळाची मज्जासंस्था अपक्व असते, म्हणून त्याला दुखत नाही, असे मानले जाण्याचा काळ फार जुना नाही. १९८०च्या दशकापर्यंत पुष्कळ ठिकाणी अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर अगदी तुटपुंजी भूल देऊन शस्त्रक्रिया होत असत. इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये या बाळांच्या रक्तातील ताणाची संप्रेरके मोजली. शस्त्रक्रियेच्या वेळी फेंटानिल हे वेदनाशामक मिळालेल्या बाळांमध्ये हा ताण बराच कमी होता आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी होती. १९८७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आज टाचेतून रक्त घेण्यापूर्वी साधारण दोन मिनिटे बाळाच्या जिभेवर साखरेच्या द्रावणाचे काही थेंब देणे किंवा शक्य असल्यास त्याला आईच्या अंगावर पाजत ठेवणे हे उपचाराचाच भाग मानले जाते. तरीही पाहणाऱ्याची नजर तयार लागते, कारण फार अपुऱ्या दिवसांचे बाळ दुखले तरी मोठ्याने रडू शकत नाही. त्याच्या कपाळावर उमटणारी आठी, घट्ट मिटलेले डोळे, नाकाच्या कडेची खोल होणारी घडी आणि रक्तातील ऑक्सिजनचा खाली येणारा आकडा यांवरून ती वेदना ओळखावी लागते, आणि हे ओळखणारी व्यक्ती बहुतेक वेळा सिस्टरच असते.

आता दाराबाहेरच्या आईकडे वळू. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरात एडगर रे यांनी पेट्यांची टंचाई आणि संसर्ग यांना तोंड देण्यासाठी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. ‘कांगारू मदर केअर’ म्हणून ही पद्धत आपल्याकडेही परिचित आहे. परंतु ती वापरायची ती बाळ स्थिर झाल्यावर, म्हणजे सर्वांत धोक्याचे दिवस उलटल्यावर, असाच नियम होता. तो नियम तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील पाच रुग्णालयांत मोठी चाचणी घेतली. भारतातले केंद्र होते दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय. १ किलो ते १.७९९ किलो वजनाच्या ३,२११ बाळांपैकी अर्ध्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच आईच्या किंवा तिने निवडलेल्या नातलगाच्या छातीशी ठेवण्यात आले. त्यासाठी अतिदक्षता विभागातच आईची खाट मांडली गेली आणि प्रसूतीनंतरची तिची शुश्रूषाही तिथेच होऊ लागली. या बाळांना अतिदक्षता विभागात असताना दिवसाला सुमारे १७ तास त्वचेचा स्पर्श मिळाला. दुसऱ्या गटाला जेमतेम दीड तास. पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के होते, ते या गटात १२ टक्क्यांवर आले. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

ज्या संसर्गाच्या भीतीने आईला बाहेर ठेवले जात होते, तो जंतुसंसर्गही आईजवळच्या बाळांमध्ये कमी आढळला. आईच्या अंगावरचे जीवाणू बाळाच्या त्वचेवर आधी वस्ती करतात, तिचे दूध लवकर मिळते आणि बाळ कमी हातांतून फिरते, ही त्याची संभाव्य कारणे मानली जातात. आईच्या दुधाचे मोल मुंबईने फार आधी ओळखले होते. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली.

भारत सरकारने २०१७ साली आजारी नवजात बाळाच्या शुश्रूषेत कुटुंबाला सहभागी करून घेण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. हात कसे धुवायचे, नळीतून दूध कसे द्यायचे, धोक्याची चिन्हे कोणती, हे आईवडिलांना सिस्टरने शिकवावे अशी अपेक्षा त्यात आहे. शिकवायला मात्र वेळ लागतो, आणि एकाच पाळीत एका सिस्टरकडे अनेक अत्यवस्थ बाळे असतील तर तो वेळ आणायचा कुठून? ममतेने वागा असे परिचारिकांना सांगणे सोपे आहे. त्यासाठी लागणारी माणसे नेमणे हे प्रशासनाचे काम आहे आणि आईला मनुष्यबळातली फट बुजवणारी बिनपगारी मदतनीस समजणे हे तर साफ चुकीचे आहे.

काही बाळे सगळे करूनही वाचत नाहीत. आपल्याकडे तान्ह्या बाळाला पुरण्याची रीत आहे, आणि पुष्कळदा घरातले पुरुष घाईने बाळाला घेऊन जातात. सिझेरियन झालेली आई खाटेवरच असते आणि तिने बाळाचा चेहरा नीट पाहिलेलाही नसतो. अशा वेळी नळ्या आणि पट्ट्या हलक्या हाताने काढून, बाळाला पुसून, स्वच्छ दुपट्यात गुंडाळून, आईची इच्छा असेल तर तिच्या मांडीवर द्यावे आणि ती म्हणेल तेवढा वेळ कोणालाही घाई करू देऊ नये, हेही सिस्टरचेच काम आहे. तिची खाट तान्ही बाळे असलेल्या खोलीतून हलवायला हवी. आणि एक गोष्ट तिला आधीच, शांतपणे, जवळ बसून सांगायला हवी, कारण ती एरवी कोणी सांगत नाही: बाळ गेले तरी दोन-तीन दिवसांत तिला पान्हा फुटेल, छाती दाटेल, दुखेल, त्यात तिचे काही चुकलेले नाही, आणि त्यावर काय करायचे ते विचारायला ती कोणत्याही वेळी वॉर्डात येऊ शकते.