कुठलं सेक्टर दहा?

नवी मुंबईत नुसतं 'सेक्टर १०' म्हटलं की पत्ता पुरा होत नाही. सेक्टर १० वाशीला आहे, नेरुळला आहे, कोपरखैरण्यालाही आहे. तरी नेरुळ स्टेशनबाहेर रिक्षावाला 'कुठलं?' असं विचारत नाही, नेरुळचंच धरतो. प्रोग्रामिंगमध्ये याला स्कोप म्हणतात: नावाचा अर्थ कुठल्या हद्दीत लागतो ते. दोन फंक्शनांत, म्हणजे हवं तेव्हा बोलावता येणाऱ्या कोडच्या तुकड्यांत, 'बेरीज' नावाचं व्हेरिएबल (किंमत ठेवायची नाव दिलेली जागा) असलं तरी त्यांचा एकमेकांशी संबंध नसतो. नाव आपल्या हद्दीत सापडलं नाही, तर शोध बाहेरच्या हद्दीत जातो.

आता समजा, नेरुळच्या काकूंनी चिठ्ठी लिहिली, 'डबा सेक्टर १० ला पोचव', आणि ती वाशीत उघडली गेली. चिठ्ठी म्हणजे इथे फंक्शन. डबा कुठे जाणार? लिस्प या प्रोग्रामिंग भाषेत सुरुवातीला उत्तर असायचं: चिठ्ठी वाचली तिथल्या सेक्टरला. १९७५ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात जेराल्ड ससमन आणि गाय स्टील यांनी लिस्पचीच एक बोली घडवली, स्कीम. तिने ठरवलं: चिठ्ठी लिहिली तिथल्या. जावास्क्रिप्ट आणि पायथॉनही हाच नियम पाळतात, आणि मला तोच रास्त वाटतो. फंक्शन कोण, कुठून बोलावणार हे लिहिणाऱ्याला कसं ठाऊक असणार?

पण मग फंक्शन कुठेही गेलं तरी त्याला आपलं गाव, म्हणजे लिहिलं गेलं तिथली हद्द, सोबत न्यावं लागतं. गावासकट फिरणारं हे फंक्शन म्हणजे क्लोजर. हा शब्द संगणकशास्त्रज्ञ पीटर लँडिन यांनी १९६४ मध्ये वापरात आणला.

दवाखान्यातली टोकनं घ्या. एक फंक्शन 'आकडा' शून्यावर ठेवतं आणि आत दुसरं फंक्शन तयार करून आपल्या हाती देतं. हे दुसरं दर वेळी आकडा एकाने वाढवून सांगतं. बाहेरचं फंक्शन संपलं की एरवी त्यातली व्हेरिएबल्स मेमरीतून जातात. इथे आतल्या फंक्शनने आकडा धरून ठेवलाय, म्हणून तो राहतो: १, २, ३. दुसऱ्या डॉक्टरांसाठी बाहेरचं फंक्शन पुन्हा चालवा, नवा आकडा मिळेल. दोन्ही रांगांची सरमिसळ होत नाही, आणि बाहेरच्या कुणालाही आकड्याला हात लावता येत नाही. मला यातलं हे सगळ्यात जास्त आवडतं.

क्लोजर धरून ठेवतं ते व्हेरिएबल, त्यातली त्या क्षणाची किंमत नव्हे. हे मला ऐरोलीतल्या पहिल्या नोकरीत कळलं. जावास्क्रिप्टमध्ये १ ते ३ असा लूप (तोच कोड फेऱ्यांनी पुन्हा चालवणं) लावून मी तीन बटणं केली होती. दाबलं की प्रत्येकाने आपला क्रमांक दाखवायचा. कुठलंही दाबा, उत्तर ४! चौथं बटण तर नव्हतंच. 'व्हार' लिहून केलेलं व्हेरिएबल साऱ्या लूपला मिळून एकच होतं. तिन्ही बटणं त्याकडेच बघत होती, आणि ते ४ झालं तेव्हाच लूप थांबला होता. २०१५ च्या जावास्क्रिप्टमध्ये 'लेट' आलं. त्याने लूपच्या प्रत्येक फेरीला स्वतंत्र व्हेरिएबल मिळतं. तो एक शब्द बदलला आणि बटणं १, २, ३ म्हणू लागली.