रानपिंगळ्याच्या सावलीचा रंग

माझा भाचा जळगावात शिकतो आणि फावल्या वेळात मोबाइलवरील खेळांसाठी पिक्सेल आर्टमधले, म्हणजे लहान लहान रंगीत चौकटींनी बनणारे प्राणी रंगवतो. दिवाळीच्या सुट्टीत त्याने रानपिंगळ्याचे, म्हणजे एका छोट्या घुबडाचे स्प्राइट (खेळात वापरायचे छोटे चित्र) दाखवले. ११३ वर्षे कोणाला न दिसलेला हा पक्षी १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळ पुन्हा आढळला, म्हणून मला त्याचे विशेष कौतुक आहे. घुबडाचे दर्शन अशुभ मानून त्याला दगड मारणे हा मात्र निव्वळ अडाणीपणा आहे. ३२ बाय ३२, म्हणजे १०२४ चौकटींत भाच्याने ठिपके नसल्यासारखे डोके आणि छातीवरचे रुंद तपकिरी पट्टे अचूक बसवले होते. तरीही पक्षी काजळीत लोळल्यासारखा दिसत होता, कारण प्रत्येक गडद छटा त्याने मूळ तपकिरीत काळा मिसळून केली होती. मी तसे म्हणताच त्याने विचारले, “मामा, सावली काळीच राहते ना?”

त्याला मी अंगणात नेले. चुना दिलेल्या भिंतीवर कडुनिंबाची सावली पडली होती. कागदाची नळी करून त्याने आधी उन्हाचा आणि मग सावलीचा तुकडा पाहिला, तेव्हा सावली निळसर असल्याचे त्याला स्वतःलाच दिसले. सावलीत सूर्याचा थेट प्रकाश पोहोचत नाही, पण आभाळाचा प्रकाश पोहोचतो. हवेचे रेणू लहान तरंगलांबीचा प्रकाश अधिक विखुरतात आणि हे प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त असते, हे लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये दाखवले. त्यामुळे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा चौपटीहून अधिक विखुरतो आणि भिंतीचा जो भाग सूर्याला पारखा होतो, तो या विखुरलेल्या निळ्यावरच उजळतो. एरवी हे लक्षात येत नाही, कारण भिंत पांढरी आहे हे धरून मेंदू तो निळेपणा वजा करतो. नळीमुळे आजूबाजूचे संदर्भ झाकले जातात आणि ही वजाबाकी बरीचशी थांबते. मे महिन्यात खान्देशाचे आभाळ धुळीने पांढुरके होते, कारण धुळीचे मोठे कण सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात, आणि तेव्हा सावलीही कमी निळी असते. पावसाळ्यानंतर हवा धुतली गेली की हा फरक ठळक होतो.

आता हे पॅलेटमध्ये, म्हणजे चित्राच्या ठरवलेल्या रंगसंचात कसे आणायचे? पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा यांच्या ० ते २५५ मधल्या आकड्यांनी ठरतो. भाच्याच्या मूळ तपकिरीत लाल १२०, हिरवा १०० आणि निळा ८० होता, तर सावलीत ६०, ५० आणि ४०. आम्ही तिथे ५५, ५० आणि ६८ घातले. पडद्याच्या उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा अवघा ७ टक्के असतो, म्हणून हिरवा कायम ठेवून निळा बराच वाढवला तरी छटा जवळपास तितकीच गडद राहिली, पण काजळी गेली. उजेडाच्या बाजूला आम्ही तपकिरी पिवळ्याकडे झुकवला. गडद-फिकट छटांच्या प्रत्येक पायरीला रंग रंगचक्रावर ठरावीक अंशांनी फिरवण्याचे जे ‘गुपित सूत्र’ शिकवणीवाले विकतात, त्यात मात्र तथ्य नाही. शेकोटीच्या उजेडात निळे आभाळच नसते आणि सागाच्या दाट पानांखाली सावलीत हिरवा मिसळतो. छटा ठरवतो तो प्रकाश.

कडेने सगळीकडून सारखा गडद पट्टा ओढण्याची त्याची दुसरी सवयही मोडावी लागली, कारण त्याने पक्षी उशीसारखा फुगीर दिसतो. प्रकाश डावीकडून वरून येतो असे ठरवून सावली पोटाखाली आणि उजव्या पंखाकडे ढकलली.

शेवटी डोळे उरले. ते आधीपासून पिवळेच होते आणि त्यांना आम्ही हातही लावला नाही, तरी भोवतालचा चेहरा निळसर झाल्यावर तो पिवळा अधिक तेजस्वी दिसू लागला. शेजारचे रंग एकमेकांना असे बदलतात, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३९ मध्ये सविस्तर मांडले होते. पिवळ्याचा आकडा खरोखरच तोच आहे ना, हे भाच्याने दोनदा तपासले.