दुसरी प्रत दुसऱ्या गावी

गेल्या मे महिन्यात अंबाजोगाईला मावसभावाच्या फोटो स्टुडिओत बसलो होतो. लग्नसराईचे दिवस, टेबलावर करिज्मा अल्बमांची चळत आणि लॅपटॉपला जोडलेली काळी हार्ड डिस्क. चहा घेऊन आलेल्या पोराचा पाय वायरीत अडकला आणि चालू डिस्क टेबलावरून थेट फरशीवर आली. पडण्याचा आवाज काही मोठा नव्हता. पण उचलून परत जोडली तेव्हा आतून कट्... कट्... कट् असं सुरू झालं आणि मावसभावाचं तोंड उतरलं. त्या डबीत तीन लग्नं होती. दोन अजून कॅमेऱ्याच्या कार्डात शिल्लक होती. तिसऱ्याचं विचारलं तर म्हणाला, "कार्ड तर परवाच फॉरमॅट केलं की रे."

अडीच-तीन फुटांवरून पडलेला मोबाइल बहुतेक वेळा वाचतो, मग हार्ड डिस्क का मरते? आत काचेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात आणि त्यांच्यावर चुंबकीय पदार्थाचा पातळ थर. फोटो म्हणजे शेवटी शून्य आणि एकची रांग. चार एमबीचा एक फोटो घेतला तर असे ३ कोटी २० लाख आकडे होतात. ते त्या थरातल्या चुंबकीय कणांच्या दिशेतून लिहिलेले असतात. वाचणारं हेड तबकडीला टेकत नाही, फिरत्या तबकडीसोबत ओढल्या जाणाऱ्या हवेवर ते तरंगतं. साधी पोर्टेबल डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. तबकडी जेमतेम अडीच इंचाची, तरी तिची कड ताशी सुमारे ६५ किलोमीटरने पळत असते. आपली लालपरी लातूर-नांदेड रस्त्यावर मोकळं मिळालं की पळते, तितकी. आणि एवढ्या वेगात हेड आणि तबकडी यांच्यातलं अंतर किती, तर काही नॅनोमीटर. एका केसाच्या जाडीत अशी दहा हजार अंतरं सहज मावतील.

डिस्क बंद असली की हेड तबकडीवरून बाजूला, आपल्या जागेवर जाऊन बसलेलं असतं. म्हणून बंद डिस्क पडली तर निभावण्याची शक्यता बरीच. चालू डिस्क पडली की हेड तबकडीवर आपटतं, थर खरवडला जातो किंवा हेडच मोडतं. तबकडीवर जागा ओळखण्यासाठी आखून ठेवलेल्या खुणा मग त्याला सापडत नाहीत. ते मागे येतं, पुन्हा शोधायला जातं, पुन्हा मागे येतं. तो कट्-कट् आवाज या शोधाचा. असा आवाज आला की ताबडतोब वायर काढावी. "आणखी एकदा लावून बघू" म्हणत प्रत्येक वेळी आपण थर आणखी खरवडत असतो. आणि घरी स्क्रू काढून आत बघायचं तर नावच नको. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या धुळीचा एक कण त्या फटीपुढे डोंगराएवढा असतो.

१९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात आणि साठवण पाच एमबीच्या आत. आजच्या मोबाइलचा एखादा चांगला फोटो तिच्यात मावला नसता. ती खिशात मावण्याइतकी झाली त्यात मोठा वाटा एका शोधाचा आहे. फ्रान्सचे आल्बेर फेर आणि जर्मनीचे पीटर ग्रुनबर्ग यांना १९८८ च्या सुमारास स्वतंत्रपणे दिसलं, की काही अणूंच्या जाडीचे चुंबकीय आणि अचुंबकीय धातूंचे थर एकावर एक रचले, तर अगदी क्षीण चुंबकानेही त्यांचा विद्युत रोध चांगलाच बदलतो. या गुणावर चालणारी हेड १९९७ पासून डिस्कमध्ये आली, आणि फारच बारीक खुणा वाचता येऊ लागल्या. दोघांना २००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण मावसभावाचे फोटो पडण्याने गेले, असं मी म्हणणार नाही. ते कार्ड फॉरमॅट केलं त्याच दिवशी अर्धे गेले होते. आपण फोन भरला की फोटो 'हार्ड डिस्कवर टाकतो' आणि फोनमधून उडवतो, आणि त्याला बॅकअप म्हणतो. ही तर नुसती जागाबदल झाली. फोटो आधीही एकाच ठिकाणी होता, आताही एकाच ठिकाणी आहे. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी सांगितलेला हिशेब सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक दुसऱ्या जागी.

या तिसऱ्या अटीचं महत्त्व आमच्याकडे कुणाला समजावून सांगायला लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले असताना, किल्लारी परिसरात भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं, घरंच्या घरं बसली. सास्तूरजवळच्या एका खेड्यात माझ्या आईच्या मामांचं घर होतं. त्यांच्या लग्नाचा एकच फोटो आज घरात आहे, मागे रंगवलेला पडदा असलेला. तो उरला, कारण त्याची एक प्रत आजीच्या ट्रंकेत अंबाजोगाईला होती.

म्हणून दोन डिस्क घेऊन दोन्ही एकाच कपाटात ठेवणं मला पटत नाही. चोर, आग, पुराचं पाणी दोन्हींना एकदमच गाठणार. ऊन तर सगळ्यांनाच गाठतं. बऱ्याच पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात चालू असताना ३५ अंशांपर्यंतच्या हवेची मर्यादा असते, आणि परभणीत मे महिन्यात पारा बेचाळिशी ओलांडतो. मोठी कॉपी मी रात्री किंवा पहाटे लावतो. लॅपटॉपच्या बॅटरीवर डिस्क चालते म्हणून लाइट गेल्याचं भय कमी, पण वायर तशीच ओढू नये. 'कॉपी झाली' असं स्क्रीनवर दिसलं तरी शेवटचा भाग कधी कधी मेमरीतच असतो. इजेक्ट केल्यावर तो डिस्कवर उतरतो.

"मग एसएसडी घे की, पडायची भीतीच नको," असं हमखास सुचवलं जातं. एसएसडी म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क. पडण्यापुरतं खरं, तिच्यात फिरणारं काहीच नाही. पण तिच्यात माहिती अडकवलेल्या इलेक्ट्रॉनांच्या रूपात असते आणि ती वर्षानुवर्षं बिनविजेची ठेवली तर ते हळूहळू झिरपतात, उष्णतेत जास्तच. चिप-उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या जेडेक संस्थेच्या मानकात आयुष्य संपत आलेल्या घरगुती एसएसडीकडून ३० अंशांत, विजेशिवाय, एका वर्षाचीच अपेक्षा आहे. नवी बरीच जास्त टिकते. तरी पाच वर्षं कपाटात टाकून विसरण्याची ती वस्तू नव्हे.

आमची तिसरी प्रत परभणीला बहिणीकडे असते. पंचमीला ती माहेरी येते तेव्हा तिच्याकडची डिस्क घेऊन येते आणि जाताना नवी भरलेली नेते. यंदा आल्या आल्या जोडून पाहिली, तर एका फोल्डरमधले अकरा फोटो उघडेनात. आबांच्या पंचाहत्तरीचे. घरच्या डिस्कवर मात्र ते शाबूत होते. परत कॉपी केले, एकेक उघडून पाहिला, इजेक्ट केलं, आणि डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिच्या बॅगेत गेली, धपाट्यांच्या डब्यापासून जरा लांब.