धीर आणि हमी

अंगणवाडीत दीड महिन्याच्या बाळाला पेंटा लशीचा पहिला डोस द्यायचा असतो. आई विचारते, "ताप येईल का हो?" सिरिंज भरता भरता नर्सबाई म्हणतात, "काही होत नाही गं." म्हणतात मायेनंच. त्यांना वाटतं आपण धीर दिला. दिलेली असते हमी, आणि ती रात्री ताप चढेपर्यंतच टिकते.

पेंटाव्हॅलंट लस घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया घडवणारा जंतू) या पाचांसाठी असते. तीत डांग्या खोकल्याचा घटक असल्यामुळे ताप, मांडीला सूज, किरकिर हे बऱ्याच बाळांना होतं. बाईंना हे पाठ असतं, तरी तोंडून निघतं "काही होत नाही".

धीर असा असतो: "आज रात्री अंग तापेल. सुई टोचली तिथे चोळू नका, काही लावू नका. पाजत राहा. तापाचं औषध सांगितलं तेवढंच द्या. बाळ पिईना किंवा झटका आला, तर वाट न बघता दवाखाना गाठा आणि मला फोन करा." ताप दोन्ही घरांत तेवढाच येतो. एका घरात बाई खोटं बोलल्या असं ठरतं, दुसऱ्यात "बाईंनी सांगितलंच होतं" म्हणतात. क्षयरोगाच्या बीसीजी लशीचंही तेच. काही आठवड्यांनी दंडावर फोड येऊन पिकणार हे आधी कळलेली आई तो फोड कौतुकानं दाखवते.

अर्थात, दुष्परिणामांची यादी घडाघडा वाचून दाखवणं म्हणजेही धीर नव्हे. ते हात झटकणं झालं.

हमी मोठ्या पातळीवर दिली की महागात पडते. गायींमधल्या 'मॅड काऊ' रोगानं ब्रिटन धास्तावलं होतं, तेव्हा मे १९९० मध्ये कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीपुढे बीफबर्गर धरला. २० मार्च १९९६ला आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांना संसदेत सांगावं लागलं, की माणसांत दिसलेल्या मेंदूच्या नव्या आजाराचा या रोगाशी संबंध असण्याची बरीच शक्यता आहे. १९९० मध्ये धोका अगदी लहान वाटतही असेल. पण 'लहान वाटतो' आणि 'नाही' यांतलं अंतर त्या बर्गरनं पुसून टाकलं.

खरी कसोटी अवघड प्रश्नाला लागते. समजा कुणी विचारलं, "पलीकडच्या गावात लसीनंतर बाळ गेलं म्हणे?" "अफवा आहे," ही हमी, तीही चौकशीआधीच दिलेली. "मीही ऐकलंय. लसीनंतर गेलं की लसीमुळे, हे जिल्ह्याची समिती तपासते. कळलं की मी स्वतः येऊन सांगेन," हा धीर. मात्र मग खरोखर जावं लागतं, निष्कर्ष गैरसोयीचा असला तरी.

कोणत्या घरी काय दिलं होतं, ते अडीच महिन्यांच्या डोसाला कळतं. एक आई कार्ड घेऊन रांगेत उभी असते, दुसरीकडून निरोप येतो, "बाळ मामाच्या गावाला गेलंय."